शेवटच्या प्रकरणाचे टाके

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. कोणी दुकान बंद करून आलं आहे, कोणी केळीची कापणी मजुरांवर सोडून आलं आहे. माझ्या माहेरची माणसं धुळ्याकडून पहाटेच्या एसटीनं आली आहेत. मुख्याध्यापक मला म्हणाले, "अक्का, दोन शब्द बोला." मी म्हटलं, मला सवय नाही. आमच्या घरात बोलायचं काम सरांकडे होतं आणि ऐकायचं माझ्याकडे. तेव्हा शब्द अडला तर थोडं थांबा. मी पुढे बोलेन.

घरात मी त्यांना कधी सर म्हटलं नाही. "अहो" म्हणायचे. पण तुम्ही सगळे सर म्हणता, म्हणून आज मीही सर म्हणते.

सर मागच्या पंधरवड्यात, मंगळवारी सकाळी गेले. चहा झाला होता. ओट्यावर खुर्चीत बसले होते. मी आत कणीक मळत होते. बाहेर आले, तेव्हा संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. बरेच जण विचारतात, म्हणून सगळ्यांना एकदाच सांगितलं.

मघाशी सरांच्या नोकरीबद्दल, स्वभावाबद्दल चांगलं बोललं गेलं. माझ्याकडे वेगळं सांगण्यासारखं एकच आहे. ते पुस्तक.

सरांचा रविवारचा वाचनवर्ग तुम्हाला माहीत आहे. निवृत्तीआधी शाळेत व्हायचा, नंतर आमच्या ओट्यावर. दरवर्षी नवी मुलं आणि दरवर्षी तेच पुस्तक. साहसाची कादंबरी. आम्ही सगळे तिला नदीचं पुस्तक म्हणतो. बहीण-भाऊ आणि एक म्हातारा नावाडी होडीतून नदीच्या उगमाकडे निघतात, हरवलेल्या वडिलांना शोधायला. पुढचं सांगत नाही. समोर मुलं बसली आहेत.

कारण सरांचा नियम होता, पुढचं बघायचं नाही. मुलं कसली ऐकतात? म्हणून सरांनी मला सांगितलं, "शेवटचं प्रकरण शिवून टाक." मी गावातले ब्लाउज शिवते, तशी पुस्तकंही शिवली. दाभणानं कडेला भोकं पाडायची आणि पांढऱ्या दोऱ्यानं कच्चा टाका घालायचा. दरवर्षी नव्यानं, सगळ्या प्रती. सरांची स्वतःचीसुद्धा. मी म्हटलं, "तुम्हाला तर पाठ आहे, तुमची कशाला?" तर म्हणाले, "मुलांची बंद आणि माझी उघडी, हे बरं दिसत नाही."

माझी आई एकदा आली होती. मांडीवर पुस्तक आणि हातात दाभण बघून म्हणाली, "कपडा शिवानं सोडीसन पुस्तके शिवी राहिनी का व? याड लागनं का तुले?" आई खरंच घाबरली होती.

मी चौथीपर्यंत शिकलेली. टाके घालताना पानावर नजर जायची. एक ओळ वाचली, दोन वाचल्या. सरांना विचारलं, "शेवटी वडील सापडतात का?" ते म्हणाले, "पहिल्या पानापासून वाच." बायकोलाही सांगितलं नाही. मग मी रविवारी शिवणकाम घेऊन मुलांच्या मागे बसायला लागले. मी अख्खं पुस्तक वाचायला शिकले ती अशी, मुलांच्या मागे बसून. पुढे दुसरी पुस्तकंही वाचली. पण सुरुवात तिथली.

आता सर शिकवायचे कसे, ते सांगते.

एक म्हणजे शब्द. नवीन शब्द आला की सर अर्थ सांगायचे नाहीत. आजूबाजूच्या ओळींवरून ओळखायचा. ओळखला की घरी न्यायचा आणि घरच्या माणसाशी बोलताना वापरायचा. पुढच्या रविवारी येऊन सांगायचं, समोरचा काय म्हणाला. समोरच्यानं वळून बघितलं, तर शब्द तुझा झाला.

समोर नाना बसले आहेत. नाना, सांगू ना? नानांची नात तेजल, तिच्या वाट्याला 'तटस्थ' आला होता. पुस्तकात ती मुलगी होडी ओढत असते आणि गावकरी काठावर उभे राहून नुसते बघत असतात. तिकडे नानांच्या शेतात दोन्ही मुलांची पाण्याच्या पाळीवरून जुंपली होती आणि नाना बांधावर गप्प उभे होते. तेजल सगळ्यांसमोर म्हणाली, "नाना, तुम्ही तटस्थ का?" नाना संध्याकाळी आमच्याकडे आले. "सर, पोरीले काय शिकवून राह्यले तुम्ही? भर वावरात मले तटस्थ म्हन्ते!" सरांनी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?" नाना म्हणाले, "काय म्हन्नार? मले वाटलं, शिवी दिली!" सरांनी अर्थ सांगितला. नाना चहा प्यायले आणि म्हणाले, "मंग शिवीच झाली की."

हसा. सर हा किस्सा सांगताना स्वतःच आधी हसायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे लेखकाचं काम. सर म्हणायचे, "पुस्तकात आपोआप काही होत नाही. पाऊस पडला तर कोणीतरी पाडलेला असतो. दोरी तुटली तर कोणीतरी आधी कच्ची बांधलेली असते." मुलांनी मागे जायचं आणि खूण शोधायची. लेखकानं हे आधी कुठे सांगून ठेवलं होतं?

पुस्तकाच्या मध्यावर म्हातारा नावाडी मरतो. एवढं सांगायला हरकत नाही, मुलांचं ते वाचून झालं आहे. आणि दरवर्षी सर विचारायचे, "नावाडी का मेला, हे विचारत नाही मी. लेखकानं त्याला का नेलं?" मग मुलं पानं मागे उलटायची. कोणाला सापडायचं की सुरुवातीलाच नावाडी मुलाकडून गाठ दोनदा बांधून घेतो. कोणाला सापडायचं की वल्हं मारताना तो हात झटकतो. म्हणजे लेखकाला ठाऊक होतं. त्यानं आधीच खुणा ठेवल्या होत्या.

माझं आणि सरांचं यावरून दरवर्षी भांडण. मी म्हणायचे, "तो म्हातारा जगला असता तर लेखकाचं काय बिघडलं असतं?" सर म्हणायचे, "तो जगला असता तर मुलांनी वल्हं हातात घेतलं असतं का?" मी म्हणायचे, "एका होडीत दोन वल्ही नसतात का?" त्यावर सर म्हणायचे, "पोळ्या कर."

यंदा वर्ग शेवटच्या प्रकरणापाशी आला होता. टाके तोडायचे राहिले होते. पुढच्या रविवारी तोडायचे, असं ठरलं होतं. आणि मंगळवारी सर गेले.

दहाव्यानंतर मुलं घरी आली. सगळ्यांच्या हातात पुस्तकं. एकानंही टाका तोडला नव्हता. तेजल पुढे आली. खुणा शोधण्यात ती सगळ्यांत हुशार. सर म्हणायचे, हिच्यापासून लेखकानं जपून राहावं. मला म्हणाली, "अक्का, आम्ही मागे जाऊन शोधलं. शेवटच्या रविवारी सरांनी स्वतः वाचलं नाही. आमच्याकडून वाचून घेतलं. नावाड्यानं गाठ बांधून घेतली, तसं. ती खूण होती ना?"

मी म्हटलं, "नाही ग. घसा बसला होता त्यांचा. आदल्या दिवशी थंड ताक प्यायले होते. मी नको म्हणत होते."

तिला ते पटलं नाही. म्हणाली, "मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी पुस्तकात सगळ्यांच्या आधी ओळखते आणि सरांचं ओळखलं नाही. मी आता टाका तोडणार नाही. कधीच नाही."

मी तिला पाणी दिलं. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. आज बोलते. सगळ्यांसमोर बोलते, कारण तिच्यासारखं इथे आणखी कोणाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं.

तेजल, मीसुद्धा मागे जाऊन शोधलं. सर दोनदा चहा गार करून प्यायले. देवळाची पायरी चढताना थांबले. चष्मा शोधायला मला सांगितलं. प्रत्येक गोष्ट मला खूण वाटायला लागली. मग एके दुपारी मशीनवर बसले असताना लक्षात आलं, की या खुणा ठेवल्या कोणी? पुस्तकात लेखक ठेवतो. त्याला शेवट ठाऊक असतो. आमच्या घरात शेवट कोणालाच ठाऊक नव्हता. सरांना नाही, मला नाही. चहा गार झाला, कारण ते पेपर वाचत होते. चष्मा सापडला नाही, कारण तो कधीच सापडत नव्हता. लग्नापासून सापडत नव्हता.

पुस्तकात आपोआप काही होत नाही, हे सरांनी तुम्हाला शिकवलं. ते खरं आहे. घरात होतं. हे मी सांगते. तुझ्या हातून काही निसटलं नाही, पोरी. तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं.

आणि मला कोणी येऊन सांगू नका, की सर गेले म्हणून आता मुलं वल्हं हातात घेतील, म्हणून ते गेले. पुस्तकात मला ते पटतं. घरात पटत नाही. मुलं वल्हं घेतील. पण सर हवे होते.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "पुस्तकांचं काय करायचं? टाके काढून मुलांना कायमची वाटून देऊ का?" मी म्हटलं, नको. येत्या रविवारी नेहमीच्या वेळेला आमच्या ओट्यावर वर्ग भरेल. सरांसारखं शिकवणं मला जमणार नाही. मी वाचेन. विचारायचे प्रश्न मुलांना माहीत आहेत. घरी न्यायचे शब्द तीच निवडतील. नाना, तुम्ही जपून राहा.

आता आपण सगळे उभे राहून शांत राहू या. मुलांना मी पुस्तकं आणायला सांगितली होती. त्यांनी आणली आहेत. या शांततेत ज्याला वाटेल त्यानं आपला टाका तोडावा. कच्चा आहे, ओढला की निघतो. वाचायचं मात्र रविवारी. ज्याला वाटणार नाही, त्यानं राहू द्यावा. तेजल, तुझा राहिला तरी चालेल. रविवारी तू पुस्तक बंद ठेवून बस. मी मोठ्यानं वाचेन.

बाकीच्यांनी, दोरा तुटल्याचा आवाज आला तर मागे वळून बघू नका.

सरांची प्रत माझ्याकडे आहे. पहिला टाका मी तोडते.