ग्रहणात मी भाईर आले

माहेर माझं बिलोली तालुक्यातलं, ताई, अन सासर जळकोटाकडं. वडील वीटभट्टीवर, आई मिरच्या तोडायला, असं आमचं. दहावी झाली की लग्न लावलं. नवरा ट्रॅक्टर चालवायचा, चार लोकांत मान खाली घालून बसायचा, पण घरात हात लई चालायचा त्याचा.

पयल्या खेपेला सहावा महिना व्हता तवा सूर्याला ग्रहण लागलं. सासू म्हनाली चिरू नको, कापू नको, भाईर पाऊल टाकू नको. अन नेमकी म्हैस दावं तोडून पळाली, मी इळा हातात घेऊनच मागं धावले. तेवढंच झालं बघा. पोरगी झाली तर वरचा ओठ नाकापतुर फाटलेला. काय सांगू तुम्हाला, नवऱ्यानं बाळंतिणीच्या खाटेवरनं केसाला धरून खाली ओढलं, पोटात लाथ घातली, म्हनला तूच चिरलीस माझी लेक. तवापासून रोजचंच.

लातूरला दवाखान्यात पोरीचा ओठ शिवला. तिथं लई आया बसलेल्या, कुनी म्हने माझ्या वक्ताला ग्रहणच न्हवतं, कुनी म्हने मला तर कोंडून ठेवलं व्हतं, तरी पोराचा ओठ फाटलाच. सिस्टरबाई म्हनल्या, अगं, ओठ जुळायचा तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच, तुझं ग्रहण सहाव्यातलं. मग बल्बाम्होरं मूठ धरून दावलं, हा सूर्य, ही मधी आलेली मूठ म्हंजे चंद्र, आपली पृथ्वी सूर्याभवती फिरून राहिली, चंद्र आपल्याभवती, कधीमधी तिघं एका रेघेत येतात अन सावली पडते आपल्यावर. सावलीनं कुनाचा ओठ कापतो व्हय?

हेच घरी सांगितलं तर त्यानं माझा तळहात तापल्या तव्यावर दाबला. म्हनला, मला शिकवून राहिलीस?

पुढं दुसऱ्यांदा दिवस गेले अन परत ग्रहण आलं. सासूनं परातीत पाणी घालून मुसळ उभं केलं, ग्रहण सुटलं की ते आपसूक पडतं म्हनं, अन मला त्याच्याजवळ बसवलं. पोरगी अंगणात लिंबाखाली खेळत व्हती, वरडली, आई, बघ की, भुईवर किती चंद्रकोरी! नवरा उठला अन म्हनला, फाटके, भाईर कामून गेलीस, अन शिवल्या ओठावरच मारलं तिच्या. रगत आलं.

मग मला काय दिसलंच न्हाई. मुसळ उपसलं अन त्याच्या हातावर घातलं, हाड मोडल्याचा आवाज आला. त्यानं दुसऱ्या हातानं माझं डोकं भिंतीवर आपटलं, हा बघा व्रण. मी परत मारलं, गुडघ्यावर, तवा बसला खाली. सासू किंचाळली, धावा, धावा. पण कोन येणार? ग्रहण व्हतं ना. आख्ख्या गल्लीची दारं बंद. मी पोरीला काखेत मारलं अन भर दुपारी गावातनं चालत निघाले, अडवायला एक माणूस भाईर न्हाई. वाटेवरच्या लिंबाच्या पानांतनं ऊन पडत व्हतं, वर सूर्याची कोरच उरलेली, तशी खाली उन्हाच्या ठिपक्या-ठिपक्याची कोर झालेली, पायाखाली, माझ्या पदरावर, पोरीच्या केसावर. एवढ्या मारात बी मी बघत उभी राहिले जरा वेळ.

आता लातुरात खानावळीत भाकरी थापते. पोरगा झाला, ओठ अखंड. पोरगी तर लई बोलती, ऐकत न्हाई. मागं नवरा आला व्हता दारात, हात वाकडाच राहिलाय. म्हनला, चल घरी, झालं ते झालं. मी पाणी दिलं, अन म्हनलं, या आता.

राग न्हाई, ताई. महादेव त्याचं बी भलं करो. पण लांब ठेवून करो.