जेनेलिनची रुग्ण

उशी अशी नाही गं, क्रिसेल — शिवण कानाखाली आली की रुतते. उलटी कर. हां, आता बरोबर. आणि एवढी संकोचू नकोस, तुझ्या आईनं हाँगकाँगहून फोन करून सगळं सांगितलंय मला. म्हणाली, मानांग, ताई, उद्या पोरीची परीक्षा, प्रत्येकीनं घरातलं एक माणूस रुग्ण म्हणून न्यायचंय, आणि माझ्या पोरीला तिथं आहे कोण? — मी म्हटलं, मी आहे की. तर रडायलाच लागली. म्हणे, तुमची जेनेलिन गेली त्याचा चाळीसावा दिवस परवाच झाला, कसं विचारू? अगं, विचारायचं काय त्यात! जेनेलिन असती तर उद्या मलाच घेऊन जाणार होती, तिची रुग्ण मी. आता रिकामीच आहे मी. कर सुरुवात. मी झोपते.

पाणी कोमट आहे ना? कोपर बुडवून बघ, बोटांचं ऐकू नकोस. — बघ, जेनेलिनचं ऐकून तोंडात बसलंय माझ्या. अकरावीला तुम्ही दोघींनी हा शुश्रूषेचा विषय घेतलात तेव्हा काय भांडले होते मी! म्हटलं, म्हाताऱ्यांची अंगं पुसायला शाळा कशाला लागते? आमच्या आयांना कुणी शिकवलं होतं? तर जेनेलिन आईलाच म्हणते, 'नानाय, तुझं अंग पुसलंय का कधी कुणी? मग झोप.' आणि झोपवलं की मला, भरदुपारी, खानावळ उघडी टाकून! चुलीपुढून उठून आलेली मी, हात भट्टीसारखे, आणि ही ओलं फडकं घेऊन उभी. ओरडले मी — तापलेल्या हाताला पाणी लावतेस, शिरा आखडतील माझ्या! 'पुस्तकात तसं नाही, नानाय.' म्हटलं, पुस्तकानं कधी भात रांधलाय का? मग बसली बापडी, पुठ्ठ्यानं वारा घालत, माझे हात निवेपर्यंत. पण सोडलं नाही. तू हसतेस, पण ती खरंच सोडायची नाही. रोज मी कोण? तर ऐंशी वर्षांची बाई, उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. आणि बाहेरून गिऱ्हाईक हाक मारणार — तीता, अजून भात आहे का? — मी इथून ओरडणार, आहे, झाकण काढून घे! की हिनं कपाळाला हात लावलाच, 'नानाय, तुला बोलता येत नाही!' लग्न होऊन या घरात आल्यापासून दिवसाउजेडी पाठ टेकायला मिळाली ती तेवढीच, इंदाय, पोरी माझे. मी तिला कधी बोलले नाही, पण दुपार झाली की वाट बघायची मी. मुद्दाम चुका काढायची तिच्या, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून करेल.

डोळे आधी. नाकाकडून कानाकडं — आणि दुसऱ्या डोळ्याला फडक्याचा दुसरा कोपरा. तुला येतंय सगळं. तुझी बोटंही तशीच आहेत — नाही, थांबू नकोस, कर. एकाच मॅडम पाबोनच्या हाताखाली शिकलात दोघी, तशीच असणार.

तुला माहीत नाही, कुणालाच सांगितलं नाही मी. डेंग्यू म्हणाले, तापच तो, उतरेल वाटलं, आणि मग एकदम इलोइलोच्या मोठ्या इस्पितळात हलवलं, आयसीयूत, काचेच्या पलीकडं. मी अलीकडं. हात लावू दिला नाही. बरोबरच होतं त्यांचं, मी कुठं म्हणते चुकलं — पण आतली पोर कपाळावरचा घाम पुसायला कुणाची वाट बघत असेल? तर गेली, आणि अंत्यविधीवाल्यांकडं नेली, तिथला तो माणूस हातमोजे घालत होता. मी म्हटलं, आधी मी. तो म्हणाला, नानाय, हे आमचं काम आहे, तुम्हाला सोसायचं नाही. मी म्हटलं, मला येतं. कोमट पाणी द्या. — कोमट, बरं का. तो बघतच राहिला. दिलं पण.

सगळं ओळीनं केलं मी. डोळे, मग तोंड, साबण न लावता. लांबचा हात आधी, मनगटाकडून खांद्याकडं. आणि प्रत्येक वेळी आधी सांगून — आता हात धरते हं, आता कुशीवर वळवते — न सांगता हात लावायचा नसतो ना रुग्णाला. एक बाजू पुसताना दुसरी टॉवेलनं झाकली, तर तो माणूस हळूच म्हणाला, नानाय, तिला आता थंडी नाही वाजत. मी म्हटलं, अंग उघडं टाकायचं नसतं, मॅडम पाबोन गुण कापतात. असं बोलले मी. वेडीच. तो पलीकडं तोंड करून उभा राहिला. पाय पुसले, बोटांच्या बेचक्यांतून कोरडे केले, केस विंचरले. तिला पुसताना कळलं मला, माझं अंग इतके दिवस किती हळू पुसलं होतं तिनं. आणि सगळं झाल्यावर ते असतं ना तुमचं, खोलीतून निघण्याआधी विचारायचंच — बरं वाटतंय का? आणखी काही हवंय का? — आणि उत्तर येईपर्यंत हलायचं नाही. तर विचारलं मी.

आणि थांबले.

किती वेळ ते नाही सांगता येणार. तो माणूसही थांबला होता. घाई केली नाही त्यानं, देव त्याचं भलं करो. शेवटी त्यानंच माझ्या हातातलं फडकं घेतलं.

पुस गं. पाय राहिलेत. रडत पुसलंस तरी चालेल, फक्त पाणी चादरीवर सांडू नकोस, त्याचे गुण जातात. हां. असंच. छान झाले पाय. पांघरूण वर घे. झालं की. पास आहेस तू, मी सांगते.

नाही — क्रिसेल, ते नको. तोंड मीट. ते आज नको विचारूस. उद्या परीक्षकासमोर विचार, मी सांगेन, बरं वाटतंय, काही नको मला. उद्या खोटं बोलेन मी तुझ्यासाठी. सकाळी ये न्यायला, तयार असेन. आत्ता जा तू. बादली राहू दे. जा, इंदाय — दार ओढून घे.