पनवेलला लावलेली शिस्त

हसू नका, आधी ऐका तरी! विलायतेहून नुकताच परतलो होतो आणि पनवेलला शिस्त लावायचीच, असं मनाशी पक्कं केलं होतं.

त्या सकाळी शेडुंगच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू व्हायचं होतं. मी स्टँडवर थांबलो होतो, पण शेडुंगला जाणारी माझी बस स्टँडबाहेरच अडकली, कारण मिठाच्या बैलगाड्यांची रांग आडवी चालली होती. रात्रभर प्रवास केलेले गाडीवान पोत्यांवर घोरत होते आणि बैल आपले पुढच्या गाडीमागे चालले होते.

मी रस्त्यात उडी मारली, हात वर करून मधली गाडी थांबवली आणि बसला स्टँडात घेतलं. काय तो अभिमान! मागे वळून बघतो, तर अडवलेले बैल बसच्या मागोमाग आत! त्यांच्यामागे उरलेली सगळी रांग. स्टँड गच्च.

कंडक्टर ओरडला, "अहो साहेब, आता बैलांचीही तिकिटं फाडू का?"

ड्रायव्हर सरळ चहाला निघून गेला.

सगळ्यात मागची गाडी आधी मोकळी झाली. शेडुंगच्या शाळेत वेळेवर रुजू व्हायचंय म्हणून मी कंडक्टरला विनवत होतो, ते ऐकून तिचा म्हातारा गाडीवान डोळे चोळत म्हणाला, "शेडुंगला ना? आमी तिकडंच चाललोय. बसा, मास्तर. पन वाटंत कोनाला हात दाखवू नका!"