त्याच चालीवर

नाई, तो मोबाईल आधी उलटा ठेवा मॅडम — हां, तसा. बंद आहे म्हणता, असंन. माह्या दुकानात चौदा माईक आहे, कोणता चालू अन् कोणता बंद हे मले दुरून समजते. बसा. तं तुम्ही कॉलेजातून आल्या, संकटाच्या काळात लोकं कोणती गाणी वाजवत होते याचा अभ्यास करून राह्यल्या — बरं. मंग पांढरकवड्यात एवढे साउंडवाले सोडून नऊ किलोमीटर आत, घनश्यामकडेच काहून? नाव कोणं सांगतलं माहं? पुंडलिकरावनं? ते तं या गावचे सरपंच होते तेव्हा. ते उगाच कोणाचा पत्ता कोणाले देत नाई.

वह्या आहे, लपवून काय करू. दोन हजार चारपासून, एका सालाची एक. वरात, गणपती, जयंती — जिथं माहा साउंड, तिथली नोंद. तारीख, गाव, फर्माईश कोणाची, गाणं कोणतं, किती वेळा वाजलं. अन् हा शेवटचा रकाना पाह्यला? ‘उठून कोण गेलं’. हे तुमाले कोणाच्याच वहीत भेटणार नाई. गाणं कोणं मागतलं हे कोणीबी सांगते — पण गाणं सुरू झाल्यावर खुर्ची कोणं सोडली, हे मी पाहतो. दारूबंदीसाठी बायायनं मोर्चा काढला त्या साली वरातीत बाटलीवरचं गाणं लावलं, अकरा बाया उठून गेल्या. दुसऱ्या साली त्याच गाण्यावर तीन उठल्या. तिसऱ्या साली एकबी नाई, अन् दोघी नाचल्या. घ्या, हे लिहून घ्या, हे तुमच्या कामाचं आहे. गाणं तेच, बाया त्याच.

दोन हजार वीसची वही? ती काहून पाहिजे नेमकी? कोरोनाचा अभ्यास — हां. सारेच कोरोनापासून सुरू करते. तुम्ही पेपरवाल्या तं नाई ना? अन् आडनाव राठोड म्हणता, म्हणजे बंजारा — कोणता तांडा? दिग्रसकडचा. इथल्या तांड्यात पाव्हणे कोणी? धरमसिंग, हंसाबाई — ओळखत नाई? बरं. मी फक्त विचारलं.

सांगतो. लॉकडाऊन लागला तसा गावानं रस्त्यावर बाभळीचे काटे टाकले. तांड्याचा रस्ताबी गावातूनच जाते, म्हणून त्यायचाबी बंद झाला. पुंडलिकराव म्हणे, लोकं समजावून ऐकत नाई, गाणं करा. ग्रामपंचायतीच्या घंटागाडीवर माहा भोंगा बसवला अन् ती काट्याजवळ उभी केली. गाणं पिंटूनं केलं — हा पिंटू, भजनात पेटी वाजवते. ‘पाव्हण्या रे पाव्हण्या, आल्या वाटेनं जाय, तुह्यासाठी गावात आता जागा राह्यली काय.’ मी फक्त बटन दाबलं. लय चाललं ते. लेकरं दारात म्हणत, बाया कपडे धुताना म्हणत. आठ गावायनं मोबाईलवर मागून नेलं. भेलं होतं ना गाव — भेलेल्या माणसाले म्हणायले एक ओळ लागते, ती भेटली.

काय पाहून राह्यल्या एवढं? ते खोडलेलं? ‘तुह्यासाठी’च्या जागी आधी ‘रोगराईले’ लिहिलं होतं, ते चालीत बसत नव्हतं, म्हणून मीच खोडलं — हो, अक्षर माहंच आहे. पिंटूनं चाल दिली. शब्द माहे. आता त्यात काय एवढं, शब्द कोणाचे तरी असतेच.

अन् खालची ओळबी वाचली तुम्ही. दिसलं मले. ‘सतरा एप्रिल, उठून कोण गेलं — जीवन धरमसिंग.’ लिहिलं, कारण तो गेला. जे झालं ते लिहितो मी, मॅडम, त्या दिवशी न लिहितो तं वही खोटी झाली असती. हैदराबादले बांधकामावर होता, हायवेनं पायी आलता. काट्याच्या तिकून तो बसला, इकून हंसाबाई — भाकर घेऊन आलती माय. मी गाडीजवळच होतो. पण मी काही दगड नाई. मायलेकरू बोलून राह्यले पाहून मी भोंगा कमी केला. वाचा, लिहिलं आहे — ‘आवाज नऊवरून दोनवर.’ आता तुम्हीच सांगा, आवाज कमी केल्यावर पाच मिनिटांनी भाकर तशीच टाकून उठला तो. म्हणजे माह्या गाण्यानं गेला काय? गाणं तं तिथपर्यंत जातच नव्हतं. परत हायवेकडे गेला. तीन दिवसांनी पुलाखाली मेलेला सापडला, ऊन लागलं म्हणे. कोरोना नव्हताच त्याले.

अकरा दिवसांनी पुंडलिकरावचा पोरगा कपिल पुण्याहून आला, गाडी करून. सकाळी काटे उचलले. मले म्हणे, घनश्याम, गाणं बदल. बदललं. ‘पाव्हण्या रे पाव्हण्या, दारी धुऊन घे पाय, तुह्यावाचून गावाले या शोभा राह्यली काय.’ चाल तीच. तेबी तेवढंच चाललं. त्याच लेकरायनं म्हतलं, त्याच बायायनं. कोणी विचारलं नाई का बाप्पा, मागच्या हप्त्यात तं दुसरं म्हणत होतो आपण. लिहून घेता काय? घ्या. पण माहं नाव टाकू नका.

थांबा, जाऊ नका. तुमाले वही दाखवली, आता एक काम माहं करा. तुमाले गोरबोली येते ना, घरची भाषा आहे तुमची. मागच्या महिन्यात तांड्यात लग्न होतं, साउंड माहा. बायायनं माईक मागतला, हंसाबाई समोर बसल्या, अन् सुरू केलं — माहीच चाल. पाव्हण्याची. शब्द त्यायचे. मी कानाले पडलं तसं उतरून घेतलं, हे पाहा, दोन पानं. ‘याडी’ म्हणजे आई, तेवढं समजते मले. अन् ‘भोंगा’ आला त्यात. चार वेळा आला, मोजला मी. भोंगा या गावात एकाचाच आहे. तांड्यातल्या लालसिंगले विचारलं, तं म्हणे बायायचं गाणं आहे भाऊ, सोडा. हंसाबाई मले पाह्यल्याबरोबर खुर्ची देते, पाणी देते — काहून देते? पाच सालात एक शब्द वाकडा बोलल्या नाई. सारं त्या गाण्यात घातलं असंन. मले शिव्या असंन तं असू द्या, पण त्या नेमक्या कोणत्या, हे मले माहीत पाहिजे. वाचा. सावकाश वाचा, मी चहा सांगतो.

झालं? सांगा मंग. लाजू नका.

‘भोंग्या रे, मोठ्यानं वाज’ — हं. ‘आणखी मोठ्यानं वाज. माह्या लेकाले मायचं रडणं ऐकू नको येऊ देऊ, ऐकलं तं तो भाकर टाकून उठंन.’

पुढं? पुढं हेच आहे? माहं नाव नाई? मागचं पान पाहा. शिवी असंन एखादी, नीट पाहा ताई, तुम्ही तिकडच्या, तुम्ही लपवून राह्यल्या. एकबी नाई?

नऊवर होता. मी दोनवर —

वही द्या इकडे. द्या म्हणतो ना. चहा राहू द्या, साडेचारची गाडी आहे तुमची, ती जाईन. मोबाईल घ्या. अन् जाताना शटर अर्धं खाली ओढा.