वन्संचा जिना

— हात नका लावू त्या कठड्याला! लाकूड बघायचंय तर डोळ्यांनी बघा. आणि ते अहाहा आधी बंद करा. मघापासून ऐकतेय — अहाहा काय वळण, अहाहा काय नक्षी! रोज चढायचा नाही ना, म्हणून सुचतंय. असाल तुम्ही वारसा समितीचे, नाही कोण म्हणतंय? पण माझ्या घराचं मोल करायला तुम्हाला बोलावलं कुणी — मी? मी नाही. या भिंतीपलीकडच्या विद्यापीठानं. इतकी वर्षं शेजारी आहेत, कधी ढुंकून बघितलं नाही, आणि जिना पाडून लिफ्ट बसवायची म्हणून मी गवंडी काय आणला, लगेच यांना वारसा आठवला!

बाहेरून बसवा? कुठून बाहेरून? या अंगाला यांची भिंत, त्या अंगाला रस्ता — हवेत टांगू? जागा एकच, ही जिन्याची. मला काय, मागच्या वीतभर बोळात लोखंडी शिडी आहे, ती पुरते. माझे पाय ठणठणीत आहेत. लिफ्ट वन्संसाठी. माझ्या नणंदबाई हो — आम्ही दोघीच उरलोय या घरात. मागच्या साली त्यांचा खुबा मोडला. चौघांनी चादरीत घालून उतरवलं, तर अडकल्या — कुठं? तुमच्या त्या अहाहा वळणावर! अशा ओरडल्या, की पलीकडच्या वर्गातली पोरं धावत आली. दवाखान्यातून परत आणलं ते तसंच, वळणावर पुन्हा तेच. तेव्हापासून म्हणतात, वहिनी, आता एकदाच उतरेन — तेव्हा ओरडणार नाही. खालीच ठेवायचं होतं म्हणता? खाली आहे काय? पुढं झेरॉक्सवाला, त्याच्या भाड्यावर दोघींची पोटं, आणि मागं स्वयंपाकघर. तिथं शेगडीशेजारी निजवू? आणि त्यांचं मागणं तरी केवढं — फाटकाशी खुर्ची टाकून बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना टोकायचं. बस्स.

तेव्हा लिहा, मोल नाही. खरंच नाही हो! ही फरशी मूळची नाही, खिडक्या वाळवीनं खाल्ल्या म्हणून बदलल्या, छपराला पत्रा आहे — काय उरलं? थोर माणसं? कुठली थोर माणसं! कॉलेजची पोरं ठेवायचो आम्ही, खोली आणि जेवण. ते माजी कुलगुरू? हां — तो होता. राहिला म्हणून काय झालं, डासही राहिले. आणि जेवायला वर तर कधी धड पोचलाच नाही. वन्संनी पोचू दिलं नाही. म्हणजे काय? म्हणजे परीक्षा आली, की वन्सं जिन्याच्या वरच्या टोकाला पुस्तक घेऊन बसायच्या. पोरं खाली रांगेत. उत्तर बरोबर — एक पायरी वर. चुकलं — एक पायरी खाली. वर पोचेल त्याला ताट. तुमचे कुलगुरू म्हणजे बटाट्याचं पोतं, जागचं हलायचं नाही! भूक लागली की मोठ्यानं उसासे टाकायचा. हसू नका, खरं सांगतेय. मी इथं खाली, याच मोरीत, भांडी घासायचे. मला शाळेत कुणी घातलं नव्हतं, पण कान तर होते ना? एकदा पोतं अडलं आणि मी मोरीतनंच उत्तर ठोकून दिलं. सासूबाईंच्या हातातलं उलथणं तसंच वर राहिलं. आणि वन्सं वरनं म्हणाल्या, "चूक. आणि वहिनी, चुकायचं तर रांगेत येऊन चुका." तशीच गेले — हाताला राख, पदर खोचलेला — सगळ्यात खालच्या पायरीवर, पोत्याच्या शेजारी उभी राहिले. दोन परीक्षा गेल्या वर पोचायला. ताट वन्संनी स्वतः वाढलं. आज मी जे वाचते, जे तोंड वर करून तुमच्याशी बोलतेय ना, ते सगळं या —

काय टिपताय? फोनवर काय टिपताय? पुसा! मी मोल नाही म्हणून सांगत होते, मेल्या, तू भलतंच काय लिहून घेतोस! आणि डोळे कशाला पुसता? मला पाणी नकोय तुमचं, लिफ्ट हवीय. आता तर जिन्याला हातच लावता येणार नाही? का? मी बोलले म्हणून? वा रे न्याय! ज्यांनी हा जिना थोर केला, त्यांनाच त्याच्यापायी वर कोंडून ठेवायचं?

ठीक आहे. मी नाही सांगणार त्यांना. तुम्ही सांगा. जा, चढा. वन्सं! अहो वन्सं, समितीचे साहेब येताहेत वर, तुमचा जिना कायमचा राखणार आहेत — ऐका त्यांच्याच तोंडून!

... चढा ना. काय झालं? कठडा धरा हवं तर, आता धरा. काय म्हणता — नंतर कधीतरी?

चपला घाला. दार ओढून घ्या जाताना.