कोटावरचं गाव

भाऊ, भरवसा ठेवावा तरी कोणावर? शहरातल्या महाल भागात माझं डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटांचं दुकान. दुर्गम भागाच्या राखीव जागेवर मेडिकलला लागलेली एक पोरगी कोट घ्यायला आली. मी चिडवलं, "सीट गावाच्या नावावर अन् दवाखाना इथं शहरात, सदरमध्ये टाकशील, नाही वं?"

"मंग खिशावर माह्या नावाखाली गावाचंही नाव टाका, काका. मी विसरली तर पेशंट आठवण देतील."

टाकलं.

सहा वर्षांनी ती पुन्हा आली. "काका, नवीन कोटावर फक्त माहं नाव टाका."

मला वाटलं, गेली हीसुद्धा! "अन् गाव?"

"गावातच दवाखाना चालवून राहिली ना मी! तिथं गावाचं नाव कोणाले दाखवू?"

भाऊ, राखीव जागांचा हिशेब मांडाल तर इमानदारीनं मांडा. परत गेलेलेही मोजा.