सतरा जांभळांचा सूड

दीपा : आकडा सांगते आबाजी, पण आधी खाली बसा.

धरमसिंग : बसाले टाइम नाई, पोरी. शेजारच्या भावसिंगाले डॉक्टरनं घरी पाठवलं. दोन दिसाचा सोबती हाय म्हन्ते. तो जायच्या आंधी मले त्याच्या खाटेपाशी उभं राहून सांगाचं हाय, का बेट्या, तुही विहीर मी आटवली. सत्तावीस वर्सं, रोज थोडी थोडी. तू यवतमाळच्या कॉलेजातून एवढी यंत्रं घेऊन आली, वर्सभर माह्या झाडायले पानी मोजाचे पट्टे बांधले. आता फकस्त लिहून दे, माह्या सतरा जांभळायनं त्याचं किती पानी पेलं.

दीपा : लिहून?

धरमसिंग : सही-शिक्क्यानं. तोंडी सांगतलं त म्हनन, धरमसिंग थापा मारून राह्यला.

सुखीबाई : मारताच तुमी.

धरमसिंग : बुढे, तू चुलीकडे पाय. नवऱ्याच्या इज्जतीची गोष्ट चालू हाय. पोरी, तुले पट्टे लागतात, मी त नुसता कान लावून आयकतो. पाचव्या नंबरचं जांभूळ एवढं पेते, का एका उन्हाळ्यात सुतार पक्ष्यानं चोच मारली त पिचकारी उडाली. पाखरानं आंग धुतलं अन् मंगच गेलं. सातव्याखाली एकदा सकाळी बोकड बांधलता. मुळ्यायनं त्याचा घामई सोडला नाई. सांजीले सोडाले गेलो त दाव्याले पापड लटकलेला.

सुखीबाई : तो बोकड तुमी बजारात इकलता.

धरमसिंग : इकला तो दुसरा. पापड कोन घेते?

दीपा : पण आबाजी, नेमकं जांभूळच का लावलं?

धरमसिंग : त्याले अक्कल लागते. वैशाखात आपल्या जंगलात पाय. साग नागडा, सालई नागडी, धावडा नागडा. अन् जांभूळ? हिरवंगार. भर उन्हात ज्याच्या आंगावर हिरवं लुगडं, ते कोनाचं तरी पानी पेल्याबिगर राहीन का? म्हून दुस्मनाच्या विहिरीवर जांभूळ. तेई बांधावर, धुऱ्याच्या माह्या बाजूनं, म्हंजे पंचायतीत त्याले तोंड उघडता येऊ नाई. अन् माह्या सोताच्या विहिरीभवती साठ साग. साग उन्हाळ्यात उपास करते. माहं पानी वाचते.

दीपा : मग तुमच्या विहिरीत आज किती पाणी आहे?

धरमसिंग : ते होळीलेच आटते. त्यानं झरा तोडला ना!

दीपा : तोडला म्हणजे?

धरमसिंग : फकिरा पानाड्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवून माहं वावर पालथं घातलं. धुऱ्यापाशी नारळ उभा झाला. मी खोदाले लागलो. मंग साळ्याच्या लग्नाले दिग्रसले गेलतो, पाच दिवस. वापस येतो त काय, भावसिंगानं धुऱ्यापल्याड, माह्या खड्ड्यापासून चाळीस पावलावर, सुरुंग लावून विहीर फोडलेली. झरा त्याच्याकडे. माह्याकडे नुसता वलावा. आता सांग आकडा.

दीपा : सांगते. तुमची जांभळं पाणी पितात, पण फार जपून. पानाच्या पाठीला बारीक तोंडं असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ऊन तापलं की जांभूळ ती मिटून घेतं. या मे महिन्यात तुमच्या धुऱ्यावर अकरा ते चार ती झाडं जवळजवळ काहीच पीत नव्हती.

धरमसिंग : अन् मंग हिरवी कायच्या भरोशावर राह्यतात?

दीपा : पान जाड, चिवट. एकदा केलं की वर्षभर वापरायचं, दर पावसाळ्यात नवा संसार मांडायचा नाही. सागाचं उलटं. आषाढात ताटाएवढी पानं काढतो आणि दिवाळीपर्यंत घटाघटा पितो. उन्हाळ्यात उपास करतो हे खरं, पण तोवर त्यानं कोठी रिकामी केलेली असते. जेवढं लाकूड धरायला तुमच्या जांभळाला एक घागर लागली, तेवढ्यालाच तुमच्या सागाला दीड लागली. तुमच्या वावरातलं सांगते हं, दुसरीकडे दुसरंही निघेल.

धरमसिंग : दुसरीकडचं मले काय करायचं? माह्या विहिरीचं काय झालं ते सांग.

दीपा : झरा गेला होताच. जो ओलावा उरला, तो साठ साग पिऊन बसले.

धरमसिंग : अन् त्याची विहीर?

दीपा : काल टेप सोडला. अकरा हातांवर पाणी आहे.

धरमसिंग : बोरचं सोडत असन लेकाचा!

दीपा : बोर नाही तिथं. जांभळांचा पाला कुजून कुजून धुऱ्याची माती भुसभुशीत झाली. आधी पावसाचं पाणी उतारानं नाल्यात जायचं, आता तिथंच मुरतं आणि त्याच्या विहिरीत उतरतं. आबाजी, तुमच्या झाडांनी ती विहीर आटवली नाही. राखली.

(धरमसिंग खाटेवर बसतो.)

सुखीबाई : पोरगी मंगाच म्हने, बसा म्हून.

धरमसिंग : सत्तावीस वर्सं मी धुऱ्यापल्याड पाय टाकला नाई. आन घेतलती. माह्या विहिरीच्या बुडाचं पानी कावडीनं त्या रोपायले घातलं... बुढे, तू त सरपनाले तिकूनच जाते. तुले त्याच्या विहिरीत पानी दिसलं नाई?

सुखीबाई : दिसते. दर उन्हाळ्यात.

धरमसिंग : अन् बोलली नाई!

सुखीबाई : बोलून काय झालं असतं? पह्यल्या साली तुमी दगडावर कुऱ्हाड घासत होते, सकाळ-सांज. लेकरं बारीक होते. मंग एक दिवस रोपं घेऊन आले अन् ते कुऱ्हाड कुडाले टांगली ते टांगलीच. म्या म्हनलं, झाडंच पेऊ दे याचा राग. बुढा फासावर जाईन, त्याहून बरं.

दीपा : एका झऱ्यासाठी कुऱ्हाड, आजी?

सुखीबाई : झऱ्यासाठी नाई वं. विहीर कोरडी राह्यली, त मी नाल्यावरून पानी आनू लागलो. डोक्यावर दोन गुंड-हंडे भरून. उतारावर पाय सरकला. कंबर मोडली. सहा महिने खाटेवर होतो. हाड जुळलं पन वाकडं जुळलं.

धरमसिंग : तिच्यासाठी केलं मी हे सारं. आता त्याच्यापुढं काय तोंड घेऊन जाऊ? पोरी, आयक. खोटा आकडा लिही. लाख घागरी. तो मरून राह्यला, कोन तपासते?

दीपा : ते नाही जमणार.

धरमसिंग : पन्नास हजार?

दीपा : आबाजी, ही कापसाची बोली नाही.

धरमसिंग : मंग तोडतो जांभळं! आजच. पोराले म्हनतो, आरा आन. सतराच्या सतरा आडवी करतो.

सुखीबाई : करा. जातानी तेवढंच पाहून हासन तो. म्हनन, बुढ्यानं आपल्या हातानं वाढवलं अन् आपल्याच हातानं तोडलं. अन् मले एक सांगा. कंबर माही मोडली, त सूड तुमी काहून घेऊन राह्यले? मले कोनी इचारलं?

धरमसिंग : ...तुले काय पायजे होतं?

सुखीबाई : मी जातो त्याच्याकडे.

धरमसिंग : तू? काय सांगशीन?

सुखीबाई : खरं तेच. का भावसिंगभाऊ, ज्याचा झरा तू तोडला, त्याच्याच झाडायनं राखलेलं पानी तू सत्तावीस वर्सं पेला. तुहा गहू त्याच्यावर झाला. तुह्या पोराच्या लग्नाचा सैपाक त्याच्यावर शिजला. आता तुह्या व्हटाले लावतात तो चमचाई धुऱ्याच्या आमच्या अंगाचा. चोरलेलं मानसाले पचते. दुस्मनानं पाजलेलं पचत नाई.

धरमसिंग : बाप्पा! हे त कुऱ्हाडीहून वाईट हाय.

सुखीबाई : हाय. पातं माह्यापाशी कवाचंच होतं. धार पोरीनं आज लावून देल्ली.

दीपा : आजी, मी त्यासाठी नव्हतं मोजलं. माणूस आजारी आहे हो, जरा...

सुखीबाई : मी जोरानं बोलनार नाई.

धरमसिंग : अन् त्यानं हात जोडले त?

सुखीबाई : जोडू दे. त्याले काय, दोनच हात त जोडाचे हाय, मोडलं हाड नाई.

दीपा : बरं, मग चला, गाडीवर सोडते. दोन वावरं ओलांडायची आहेत, ऊनही फार आहे.

सुखीबाई : नको. त्याची खाट दारात टाकली हाय. पायीच जातो. मी कशी चालतो ते दुरूनच दिसू दे त्याले.